झूल मनी शे

त्या मासिकाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर त्यांची फुकट जाहिरात होईल, आणि ‘आम्ही जाहिराती घेत नाही, करत नाही’ हे तर ते पहिल्याच पानावर मोठ्या अभिमानाने छापतात. नावाखाली एक ओळ असते : शैली, कला आणि सर्जनशील जगण्याचं स्वतंत्र मासिक. पुण्याहून निघतं. वर्षातून तीनदाच निघतं, तरी मासिक. कागद लग्नपत्रिकेसारखा जाड, रंग चहा सांडून वाळल्यासारखा, आणि त्यावर राखाडी अक्षरं, मुंगीएवढी. चष्मा लागलेल्या माणसाने यात डोकं घालू नये अशी चोख व्यवस्था. आत कुंभाराच्या हातांचे फोटो, हातमागाचे फोटो, रिकाम्या खुर्चीचे फोटो. रिकाम्या खुर्चीवर तर एकदा चार पानं होती.

हे सगळं मी आज म्हणते. चार वर्षं तेच मासिक मी उशाशी घेऊन झोपत होते, हेही सांगून टाकते. नाहीतर माझ्या रागाचा कुणीतरी भलताच अर्थ लावायचा.

मी जळगावात राहते आणि एका सराफी पेढीच्या जाहिराती लिहिते. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी. चारही सणांना त्याच सोन्याबद्दल काहीतरी नवीन बोलायचं. माझ्या ओळी रिक्षांच्या पाठीवर शहरभर फिरतात, सिग्नलला माझ्याच स्कूटीपुढे येऊन उभ्या राहतात, आणि त्यांच्याखाली नाव असतं पेढीचं. असायलाच पाहिजे, पगार त्यांचा आहे. पण लिहिणाऱ्या माणसाला आपलं नाव कुठेतरी छापून यावं अशी एक खाज असते. मलाही होती. मासिकवाल्यांनी ती ओळखून मला जाळ्यात ओढलं, असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मी आपली स्वतःहून गेले.

त्यांनी 'खानदेश अंक' काढायचं जाहीर केलं होतं. तुमच्या भागातली विस्मृतीत गेलेली एखादी कला आम्हाला कळवा, असं आवाहन होतं. कुणाच्या विस्मृतीत, ते लिहिलं नव्हतं. मी अक्काबद्दल कळवलं.

अक्का म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. अमळनेरहून एसटीने अर्ध्या तासावरच्या गावात राहते. गावातलं शेंबडं पोरसुद्धा तिला अक्काच म्हणतं. पोळ्याच्या आधी दोन-तीन महिने ती झुली शिवते. झूल म्हणजे पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालायचं नक्षीचं वस्त्र. हे मी पुण्याच्या वाचकांसाठी सांगते आहे, आमच्याकडच्या वाचकाने रागावू नये. खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत पाठ झाकते, दोन्ही कुशींवर लोंबते, आणि वशिंड वर यावं म्हणून मध्ये गोल भोक असतं. आता बैल कमी झाले, पण झुली थांबल्या नाहीत. मागे एकाने ट्रॅक्टरच्या बॉनेटसाठी झूल शिवून घेतली. अक्काने भोक ठेवू का म्हणून विचारलं, तर तो चिडला.

बाकीच्या बाया झुलीवर मोर काढतात, कमळ काढतात, चांद-सूर्य काढतात. अक्का कपाशीचं फुटलेलं बोंड काढते. काळ्या कापडावर पांढऱ्या कापडाच्या चार फाका शिवायच्या, आणि त्यातल्या एका फाकेवर गुलाबी दोऱ्याने वळवळणारी अळी. ज्या वर्षी बोंडअळीने तिची सगळी कपाशी खाल्ली, त्या वर्षी तिने रागाच्या भरात ही अळी काढली. सुईत दोरा ओवता ओवता अळीशीच बोलत होती म्हणे. "तू खादं ना? मंग बठ आते बैलना पाठवर." लोक आधी हसले, मग तशाच झुली मागायला लागले. आजूबाजूच्या गावांत 'अळीनी झूल' म्हटलं की ती अक्काचीच असते.

असायची, असं म्हणायला हवं. धुळ्याच्या बाजारात बैलांचा साज विकणारा एक व्यापारी दरवर्षी तिच्याकडून झुली न्यायचा. घुंगरमाळा, गोंडे, कासरे, शिंगांचे रंग, सगळं त्याच्याकडे मिळतं. एका वर्षी तो आलाच नाही, पुढच्या वर्षीही नाही. का आला नाही, ते अक्काला नरडाण्याच्या बाजारात कळलं. तिथे दोरीवर ओळीने नायलॉनच्या झुली टांगलेल्या होत्या, गिरणीत छापलेल्या, आणि प्रत्येकीवर तिचं बोंड आणि बोंडावर तिची अळी. छापताना अळीचं तोंड डावीकडचं उजवीकडे झालं होतं, एवढाच काय तो फरक. विकणाऱ्याने माल धुळ्याच्या त्याच दुकानातून आणला होता.

अक्का तडक धुळ्याला गेली. व्यापारी काही गुंड नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, चहा पाजला, आणि हसत विचारलं, "अक्का, नक्षी काय कोणा बापनी ऱ्हास का? नि तुनी शे म्हनस, तर कोठे लिखेल शे?"

कोठे लिखेल शे. कुठे लिहिलंय. हे तीन शब्द घेऊन अक्का घरी आली आणि त्या शब्दांनी तिचं डोकं खाल्लं. ती चौथीपर्यंत शिकलेली. ओळीवर बोट ठेवून वाचते, पण वाचते. सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे किती खेटे घालावे लागतात ते तिने भोगलेलं आहे. लिहिलेलं नसेल तर आपलं काहीच आपलं नसतं, हे तिला कुणी वेगळं समजवायची गरज नव्हती. नक्षीचा सातबारा कुठे मिळतो, एवढंच तिला ठाऊक नव्हतं.

म्हणून मी तिला मासिकाचं सांगितलं तेव्हा तिने फोटोचं विचारलं नाही, पैशाचं विचारलं नाही.

"लिखतीन का ते?"

"लिखतीन."

"छापेल अक्षरमां?"

"छापेल अक्षरमां."

"मंग येऊ दे त्यास्ले. मी एकच गोठ सांगसू. तेवढी छापाले लाव."

ते मे महिन्यात आले. आमच्याकडच्या मे महिन्यात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि हे ऊन बघून म्हणाले, काय लाइट आहे! संपादकबाई, एक फोटोवाला आणि कपडे घालून उभी राहायला एक उंच, अबोल मुलगी. रस्त्यात त्यांना भरीत खायचं होतं. भरिताची वांगी थंडीत येतात, असं मी सांगितलं तर बाईंना वाईट वाटलं, माझ्याबद्दल. जणू मी लपवून ठेवलंय. शेवटी एका ढाब्यावर कुठलीतरी वांगी भाजून मिळाली आणि त्यांनी त्या ताटाचे अकरा फोटो काढले.

बाईंनी अक्काला पहिल्याच वाक्यात आजी केलं. अक्काची साठी नुकतीच झालेली, दात सगळे शाबूत. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "हाई आजी कोनले म्हनी ऱ्हायनी?" मी हसून वेळ मारून नेली. त्या दिवशी मी फार वेळा हसून वेळ मारून नेली.

गावाबाहेर कापसातून सरकी काढणारं, आता बंद पडलेलं एक जिनिंग आहे. तिथल्या पत्र्यांपुढे त्यांनी त्या मुलीला उभं केलं आणि अक्काची सगळ्यात चांगली झूल तिच्या अंगावर घातली. वशिंडाच्या भोकातून मुलीचं डोकं बाहेर काढलं. अक्का आधी पोट धरून हसली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "अवं, तठे वशिंड येस." मी बाईंना अर्थ सांगितला. बाईंनी टाळी वाजवली. "किती रॉ आहे हे! हे वाक्य आपण घेऊच." मुलगी बिचारी घामाने निथळत होती, नंतर अक्कानेच तिला माठातलं पाणी दिलं आणि पदराने वारा घातला. त्या सगळ्या ताफ्यात मला राग येत नाही तो फक्त त्या मुलीचा.

मग मुलाखत. अक्का नवं पातळ नेसून ओट्यावर बसली होती, कोर्टात साक्षीला बसतात तशी ताठ. बाईंनी फोन रेकॉर्डिंगला लावून तिच्या पुढ्यात ठेवला आणि गोड आवाजात विचारलं, "आजी, ही नक्षी तुम्हाला कुठून सुचते? परंपरेतून, की निसर्गातून?"

अक्काने प्रश्न ऐकलाच नाही. तिला जे सांगायचं होतं ते तिने आठ दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. ती फोनकडे वाकली आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्याने म्हणाली, "झूल मनी शे. नक्षी मनी शे. अळी बी मनीच शे." आणि उठली.

"झालं?" बाई म्हणाल्या.

"मनं झायं," अक्का म्हणाली आणि आत चहा ठेवायला गेली.

बाईंनी डोळे मिटून घेतले. छातीवर हात ठेवून हलकेच म्हणाल्या, "मनी... झूल मनी. काय बोलल्या!" मला वाटलं, त्यांना कळलं. शपथेवर सांगते, मला तेव्हा तसंच वाटलं. आमच्या बोलीत मना, मनी, मनं म्हणजे माझा, माझी, माझं. मनी गाय म्हणजे माझी गाय. यात न कळण्यासारखं काही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुण्यात मनी म्हणजे मनात, किंवा फार तर मांजर, हे मला फार उशिरा आठवलं.

लेख मी लिहिला. जीव ओतून लिहिला. अळीची गोष्ट लिहिली, नरडाण्याचा बाजार लिहिला, व्यापाऱ्याचा चहा लिहिला, आणि शेवटी सरळ लिहिलं की ही नक्षी अमुक गावच्या अमुक बाईची आहे, तिच्या डोक्यातून आलेली आहे. बाईंचा फोन आला. छान लिहितेस गं, म्हणाल्या, पण सूर थोडा तक्रारीचा लागलाय. आपला अंक तक्रारीचा नाही ना, सौंदर्याचा आहे. मी थोडा हात फिरवते, चालेल? मी चालेल म्हटलं. छापून यायची घाई अक्कापेक्षा मला जास्त होती.

जुलैमध्ये एका दुपारी ऑफिसात बसलेली असताना व्हॉट्सअॅपवर लेखाची चार पानं आली. प्रेसला जातंय, फक्त शुद्धलेखन बघ, असं खाली लिहिलेलं. मी पहिलं पान उघडलं. मोठ्या अक्षरांत मथळा : झूल मनी. शे, म्हणजे आहे, काढून टाकला होता, त्यांना ती टंकलेखनाची चूक वाटली असणार. त्याखाली बारीक अक्षरांत : 'ही नक्षी कोणा एका हाताची नाही. ती या मातीच्या सामूहिक मनात पिढ्यानपिढ्या उमलत आली आहे. तिला मालक नाही.' अळी कुठे होती? अळी होती, पण ती आता 'जीवनाचा अखंड गुलाबी प्रवाह' झाली होती. व्यापारी नव्हता. बाजार नव्हता. अक्काच्या फक्त हातांचा फोटो होता आणि त्याखाली लिहिलं होतं, अमळनेरजवळच्या एक आजी.

आणि कोपऱ्यात, सुरेख कोरलेल्या अक्षरांत, 'शब्द' असं लिहून पुढे माझं नाव. पूर्ण नाव. स्पेलिंग बरोबर म्हणतात तसं, ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर.

मी लिहायला घेतलं, 'मॅम, इथे मनी म्हणजे माझी.' एवढं टाइप केलं आणि थांबले. हे पाठवलं की मथळा जाणार. मथळा गेला की तो सगळा डोलारा जाणार, कारण चारही पानं त्या एका शब्दावर उभी केलेली होती. पानंच काढून टाकली तर? नाव नंतर पुन्हा कधी येणार? मी स्वतःला समजावलं की मथळा तर बरोबरच आहे, आमच्याकडचं कुणीही वाचलं तर त्याला माझीच असंच वाचता येईल. आमच्याकडचं ते मासिक वाचणारी मी एकटी होते, हे सोयीने विसरले. टाइप केलेलं पुसलं आणि अंगठ्याचं चित्र पाठवून दिलं. त्यानंतर मी पेढीसाठी श्रावणाच्या ओळी लिहिल्या, चांगल्या झाल्या.

अंक पोळ्याच्या आधी आला. मी तो घेऊन अक्काकडे गेले. रस्ताभर ठरवत होते, काय सांगायचं, कसं सांगायचं. अक्काने हात धुतले, पुसले, मांडीवर अंक घेतला. झूल घातलेल्या मुलीचं पान तिने उलटून टाकलं. मग मथळ्यावर बोट ठेवलं.

"झू-ल. म-नी." तिने मान वर केली. डोळे भरलेले. "लिखं व माय. लिखं त्यास्नी."

मी मान डोलावली. बारीक अक्षरं तिला दिसत नव्हती, ती दिसूच नयेत अशी काळजी पुण्यातच घेतलेली होती. तिने स्वतःच्या हातांचा फोटो बांगड्यांवरून ओळखला. शेजारणींना बोलावलं. त्यांनीही बोट ठेवून वाचलं, झूल मनी, झूल मनी, आणि सगळ्या खूश झाल्या. अक्काने अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवला. म्हणाली, "धुळाले जाऊत. त्याले दखाडसू."

घरी येऊन मी बाईंना फोन लावला. पुढच्या अंकात चूक दुरुस्त करा, म्हटलं, त्या शब्दाचा अर्थ माझी असा आहे, त्या बाई हक्क सांगत होत्या. बाईंचा आवाज आनंदाने भरून आला. "म्हणजे दोन्ही अर्थ निघतात? माझी आणि मनात? अगं, किती सुंदर!" मी फोन ठेवून दिला. असल्या माणसांना शिवी दिली तर ती फ्रेम करून भिंतीवर लावतील.

पोळ्याला आठ दिवस असताना आम्ही अमळनेरहून धुळ्याची बस धरली. मी अक्काला थांबवायला हवं होतं. वाटभर ते वाक्य माझ्या तोंडाशी होतं आणि मी ते गिळत होते. मला आशा होती, खोटं कशाला बोलू, की मथळा बघून व्यापारी गप्प बसेल, आत वाचणार नाही. वाचतं कोण हल्ली?

दुकानात गर्दी होती. गिऱ्हाइकं गोंडे निवडत होती आणि काउंटरच्या बाजूला नायलॉनच्या अळ्या छताला टेकल्या होत्या. व्यापाऱ्याने अक्काला बघून खुर्ची मागवली. ती बसली नाही. तिने पिशवीतून अंक काढला, पान उघडलं आणि गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर ठेवून बोट दाखवलं.

"तू इचारं व्हतं ना, कोठे लिखेल शे? आठे लिखेल शे. वाच."

व्यापाऱ्याने वाचलं. तोही इथलाच, त्यानेही ते अक्कासारखंच वाचलं. "झूल मनी," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. गोंडे निवडणारी दोन माणसं वाकून बघायला लागली. एकजण म्हणाला, "बरोबर शे, शेठ. अळी ते अक्कानीच शे, बठ्ठास्ले मालूम शे." अक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. इतकी ताठ उभी राहिलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. ते मिनिटभर टिकलं.

मग व्यापाऱ्याने खिशातून चष्मा काढला. इतकी वर्षं बिलांवरचा बारीक अक्षरांतला मजकूर वाचून वाचून त्याला सवय होती. मासिकवाल्यांनी या माणसाचा विचार केला नव्हता. त्याने अंक उजेडात धरला आणि मोठ्याने, शांतपणे, पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. कोणा एका हाताची नाही. सामूहिक मनात. तिला मालक नाही. दुकानात सगळे ऐकत होते. शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचलं, मुद्दाम नव्हे, त्याचा त्यालाच विश्वास बसत नव्हता म्हणून.

"अक्का," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कुत्सितपणा अजिबात नव्हता, "हाई ते मनासारखं लिखेल शे. नि तुनं नाव कोठेच नई. लिखनारीनं नाव शे फक्त." त्याने माझं नाव वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

अक्काही माझ्याकडे वळली.

"तू लिखं हाई?"

"मी असं नव्हतं लिहिलं अक्का. त्यांनी नंतर बदललं." माझ्या तोंडून पुस्तकी मराठी निघाली. अक्काशी मी तसं जन्मात बोलले नव्हते. तिच्याही ते लक्षात आलं.

"छापाना पहिले तुले दखाडं व्हतं का?"

"हो."

"तू वाचं?"

"वाचलं."

"मंग तू काय सांगं त्यास्ले?"

खोटं बोलता आलं असतं. गर्दीसमोर तिने मला तेवढी सवलत दिलीही असती. पण मला दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, "अंगठा दिधा."

फोनवरचा अंगठा म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. तिला एकच अंगठा माहीत आहे, शाईत बुडवून कागदावर उठवतात तो, सही न येणाऱ्यांचा. तिच्या आईने, माझ्या आजीने, आयुष्यभर तोच उठवला आणि अक्का चौथीत सही शिकली त्या दिवशी घरात गोड केलं होतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. ती माझ्याकडे बघत राहिली. राग असता तर बरं झालं असतं. तिला खरोखरच कळत नव्हतं.

"इतली शिकेल शे तू," ती म्हणाली, "नि अंगठा?"

मग व्यापाऱ्याने, वेळ जावा म्हणून की धंद्याची सवय म्हणून, हळूच विचारलं, "अक्का, हाई पाननी एक झेरॉक्स काढी लेऊ का?"

"झेरॉक्स कसाले?" अक्का म्हणाली. "हाईच ठेवी ले. तेमा मनं काहीच नई शे."

बसमध्ये ती बायकांच्या सीटवर एका अनोळखी बाईशेजारी बसली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

त्या अंकाचं फार कौतुक झालं, असं मला संपादकबाईंनी कळवलं. पुढच्या अंकासाठी आणखी कुणी आहे का, असंही विचारलं. मी उत्तर दिलं नाही. आता ते मासिक मी घेत नाही, पण ते माझ्याविना व्यवस्थित निघतं आहे. पेढीच्या ओळी लिहिते आणि त्याखाली माझं नाव नाही याचं मला हल्ली बरं वाटतं.

अक्काकडे मी जाते. ती चहा करते, जेवून जा म्हणते, आईची खुशाली विचारते, वर्षभरात वाकडा शब्द म्हणून बोललेली नाही. झुली अजून शिवते, आसपासच्या चार-दोन गावांसाठी. काहीतरी नवीन नक्षी काढते आहे असं शेजारीण मला म्हणाली. मला माहीत नाही. मी दारातून आत आले की अक्का हातातलं कापड उलटं करते, तसंच मांडीवर ठेवते आणि मी उठून जाईपर्यंत सुई उचलत नाही.